सॉफ्टवेअर प्रत-संरक्षण

सॉफ्टवेअर प्रत-संरक्षण म्हणजे संगणक आज्ञावलीची परवान्याबाहेर नक्कल होऊ नये, किंवा ती ठरल्यापेक्षा अधिक संगणकांवर चालू नये, यासाठी निर्मात्याने केलेली तांत्रिक तजवीज. चावी-फ्लॉपी, संगणकाच्या पोर्टला जोडायचे हार्डवेअर लॉक, अनुक्रमांक, इंटरनेटवरून होणारे सक्रियकरण आणि नेटवर्कवरील परवाना-सर्व्हर हे तिचे प्रमुख प्रकार होत. महाराष्ट्रात या व्यवस्थेचा अनुभव सर्वसामान्य वापरकर्त्यांना मुख्यतः दोन ठिकाणी आला : मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या डीटीपी केंद्रांत आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या संगणकांवर. पुणे-मुंबईपासून दूर असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यांत, अनियमित वीज आणि लांबची दुरुस्ती-सेवा यांमुळे, हा अनुभव अधिक त्रासाचा ठरला.

प्रत-संरक्षणाविषयीच्या तक्रारी बहुधा पैसे भरून आज्ञावली घेतलेल्यांच्या असतात. ज्याने कुलूप तोडलेली प्रत मिळवली त्याला कुलपाचा त्रास उरत नाही; अधिकृत ग्राहकाला मात्र आपण ग्राहक असल्याचा पुरावा यंत्रापुढे दररोज सादर करावा लागतो. एका संगणकावर हा पुरावा देणे फारसे जड जात नाही. संगणक एकमेकांना जोडले गेले, की मात्र परवाना यंत्रावर आहे, माणसावर आहे की कामावर, हा प्रश्न उभा राहतो.

संज्ञा

मराठी मुद्रण व्यवसायात हार्डवेअर लॉकला नुसते ‘लॉक’ म्हणतात. ‘डोंगल’ हा शब्दही चालतो. डोंगल हे नाव आणखी दोन वस्तूंना लावले जाते, त्यामुळे गोंधळ होतो. मोबाइल कंपन्यांचे इंटरनेटसाठीचे यूएसबी उपकरण ही त्यांतली एक. दुसरी म्हणजे तलाठी व अन्य अधिकारी वापरतात ते डिजिटल स्वाक्षरीचे टोकन. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागल्यावर हे टोकन गावोगावी परिचित झाले. ते स्वाक्षरी करणाऱ्याची ओळख पटवते. आज्ञावलीची नक्कल रोखणे हे त्याचे काम नव्हे. प्रस्तुत लेखात डोंगल म्हणजे केवळ प्रत-संरक्षणाचे लॉक.

आरंभीचा इतिहास

वैयक्तिक संगणक बाजारात आले तेव्हा आज्ञावल्या यंत्रासोबत फुकट मिळाव्यात की स्वतंत्रपणे विकल्या जाव्यात, याविषयी एकमत नव्हते. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकधारकांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि आपल्या बेसिक या आज्ञावलीच्या प्रती पैसे न देता वाटल्या जात असल्याची तक्रार केली. पुढील काही वर्षांत निर्माते पत्रांवरून यंत्रणेकडे वळले. १९८० च्या सुमारास कमोडोर पेट या संगणकावरील वर्डक्राफ्ट या शब्दसंस्करण-आज्ञावलीसाठी बाहेरून जोडायचा एक छोटा भाग देण्यात आला. डोंगलचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते.

त्याच काळात फ्लॉपीवर आधारित संरक्षणही रूढ झाले. फ्लॉपीच्या एखाद्या भागावर साध्या नकलेत उतरणार नाही अशी खूण ठेवायची आणि आज्ञावलीने ती प्रत्येक वेळी तपासायची, अशी ही युक्ती होती. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या प्रसिद्ध तक्ता-आज्ञावलीला सुरू होताना मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये लागत असे. फ्लॉपी ही झिजणारी, बुरशी धरणारी, चुंबकाने बिघडणारी वस्तू. ती खराब झाली की विकत घेतलेली आज्ञावली बंद पडे. अमेरिकेत व्हॉल्ट कॉर्पोरेशन या कंपनीने असे संरक्षण भेदणाऱ्या आज्ञावलीबद्दल क्वेड सॉफ्टवेअर या कंपनीवर दावा लावला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला. खराब होऊ शकणाऱ्या मूळ प्रतीची राखीव नक्कल करणे हा अशा आज्ञावलीचा वैध उपयोग ठरू शकतो, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्राहकांच्या नाराजीमुळे लोटससह अनेक कंपन्यांनी फ्लॉपीचे संरक्षण काढून टाकले. मात्र किंमत जास्त आणि ग्राहक कमी अशा आज्ञावल्यांमध्ये हार्डवेअर लॉक टिकून राहिले. भारतीय लिप्यांच्या आज्ञावल्या याच गटात येत होत्या.

नेटवर्कवर निर्माण होणारी अडचण

लॉक एका पोर्टला बसते आणि म्हणून एका संगणकाला बसते. कार्यालयात मात्र काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. तीन संगणक आणि एक प्रिंटर जोडलेल्या छोट्या केंद्रात मजकूर एकाने टंकित करायचा, मुद्रितशोधन दुसऱ्याने करायचे, पानाची मांडणी तिसऱ्याने करायची, अशी विभागणी असते. लॉक एकच असेल तर शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठीही फाइल पुन्हा लॉक असलेल्या संगणकावर न्यावी लागते, किंवा लॉक काढून इकडून तिकडे लावावे लागते. जोडलेल्या यंत्रांमुळे वेळ वाचावा ही अपेक्षा अशा वेळी फोल ठरते.

समांतर पोर्टच्या काळात यात प्रिंटरची भर पडत असे. पंचवीस पिनांचे लॉक संगणक आणि प्रिंटर यांच्या मध्ये बसे. प्रिंटर बंद असल्यास काही वेळा लॉक ओळखले जात नसे. दोन वेगवेगळ्या आज्ञावल्यांची लॉके एकामागे एक लावली की एक दुसऱ्याच्या आड येई. वारंवार काढ-घाल केल्याने पिना वाकत. यूएसबी लॉके आल्यावर हे त्रास कमी झाले, पण जुन्या लॉकच्या धारकांपुढे नवा पेच आला : नव्या संगणकांना समांतर पोर्टच उरले नाही. पुढे ६४-बिटी विंडोजने स्वाक्षरित ड्रायव्हरची अट घातल्यावर, नवा ड्रायव्हर न निघालेली जुनी लॉके सुस्थितीत असूनही निरुपयोगी झाली.

निर्मात्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे नेटवर्क लॉक. यात एकच लॉक सर्व्हरला लावतात. परवाना-व्यवस्थापक नावाची आज्ञावली त्यावर चालते आणि एका वेळी किती जणांना काम करू द्यायचे ते मोजते. इस्राएलच्या अलादीन कंपनीचे हास्प आणि अमेरिकेच्या रेनबो टेक्नॉलॉजीजचे सेंटिनेल ही या क्षेत्रातील दोन मोठी नावे. रेनबो २००४ मध्ये आणि अलादीन २००९ मध्ये सेफनेटकडे गेली. सेफनेट पुढे जेमाल्टोकडे आणि जेमाल्टो २०१९ मध्ये थेल्सकडे गेली. आजच्या सेंटिनेलचा परवाना-व्यवस्थापक १९४७ या क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. हा आकडा भारतीय वाचकाच्या सहज लक्षात राहावा. हार्डवेअरशिवाय केवळ परवाना-फाइलवर चालणाऱ्या फ्लेक्सएलएमसारख्या पद्धतींनी ‘तरंगता परवाना’ रूढ केला. त्यात ठरावीक संख्येचे परवाने ज्याला लागतील त्याने घ्यायचे आणि काम संपल्यावर परत करायचे असतात.

तरंगता परवाना न्याय्य असला तरी त्यात एक नवे दुबळे स्थान तयार होते. परवाना-सर्व्हर बंद पडला की साऱ्या संगणकांवरील काम थांबते, जरी त्या प्रत्येक संगणकात आज्ञावली पूर्णपणे साठवलेली असली तरी. फायरवॉलने पोर्ट अडवले, राउटर बदलल्याने सर्व्हरचा पत्ता बदलला, सर्व्हरचे नेटवर्क कार्ड जळले आणि त्याच्या क्रमांकाला बांधलेली परवाना-फाइल निकामी झाली, अशा कारणांनीही परवाना ‘सापडत नाही’. यातील कोणत्याही प्रसंगात नक्कल झालेली नसते. वापरकर्त्याच्या पडद्यावर येणारा संदेश मात्र बहुधा परवाना नसल्याचाच असतो, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यातच दिवस जातो.

मराठी अक्षरजुळणी आणि लॉक

इंग्रजीत लिहिणाऱ्याला लिपी संगणकासोबत मिळत होती. मराठीत ती वेगळी विकत घ्यावी लागे. प्रत-संरक्षणाच्या इतिहासात मराठीसारख्या भाषांचे स्थान निराळे आहे ते यामुळे : येथे कुलूप एखाद्या विशेष सोयीला नव्हते, लिहिण्यालाच होते.

भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत आकाराला आले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, वाढले. त्याची सुरुवातीची अंमलबजावणी संगणकात बसवायच्या कार्डाच्या रूपात होती. येथे यंत्रभाग हा संरक्षणासाठी नव्हे तर खरोखरच्या कामासाठी लागत होता. पुढे विंडोजवर सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी ही महाराष्ट्रातील मुद्रणालयांची नित्याची साधने झाली. दोन्ही आज्ञावल्या लॉकसह विकल्या जात.

कुलूप नेमके कशाला होते हे समजण्यासाठी त्या काळच्या फॉन्टची रचना पाहावी लागते. एका फॉन्टमध्ये २५६ जागा असत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या ठिकाणी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : काना, अर्धे अक्षर, रफार, वेलांटी, उकार. कळफलक सांभाळणारी आज्ञावली कळ दाबताच योग्य तुकडे योग्य क्रमाने आणून ठेवी. फॉन्टची फाइल सहज नकलता येण्याजोगी होती. लॉक होते ते कळफलक सांभाळणाऱ्या आज्ञावलीला. परिणामी लॉक नसलेल्या संगणकावर, फॉन्ट असेल तर, मजकूर दिसे आणि छापताही येई. पण त्यात नेहमीच्या रीतीने एक अक्षर बदलता येत नसे. फॉन्टही नसेल तर संपूर्ण लेख इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांच्या अर्थशून्य रांगेसारखा दिसे.

प्रत्येक निर्मात्याची तुकड्यांची मांडणी वेगळी असल्यामुळे एका आज्ञावलीत टंकित केलेला मजकूर दुसरीत उघडत नसे. एखाद्या लेखकाने आपली कादंबरी एका केंद्रात टंकित करून घेतली आणि ते केंद्र बंद पडले, तर पुढच्या केंद्राकडे त्याच आज्ञावलीचे लॉक आहे का हे आधी विचारावे लागे. नसल्यास पुस्तक पुन्हा टंकित करणे स्वस्त पडे. अशा रीतीने आज्ञावलीच्या निर्मात्याचा हक्क जपणाऱ्या यंत्रणेने लेखकाचा स्वतःच्या मजकुरावरील व्यावहारिक ताबाही अडवून धरला. हा परिणाम कुणाच्या हेतूत नव्हता. मांडणीचे प्रमाणीकरण नसणे आणि लॉक असणे या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे तो घडला.

निर्मात्यांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. देवनागरीची सुबक, वळणदार अक्षरे तयार करणे हे अनेक महिन्यांचे कुशल काम असते आणि मराठीची बाजारपेठ इंग्रजीच्या मानाने लहान होती. एक प्रत विकत घेऊन गावातील सर्व केंद्रांनी वाटून घेणे ही त्या काळची सर्रास रीत होती. लॉक नसते तर या आज्ञावल्या तयार करणाऱ्यांचा खर्च निघाला असता का, ही शंका रास्त आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

यवतमाळ हा विदर्भातील सोळा तालुक्यांचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. येथे मुद्रणाची परंपरा जुनी आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘लोकमत’ हे साप्ताहिक येथूनच काढले. खिळ्यांची जुळणी मागे पडून संगणकावरील जुळणी आली तेव्हा यवतमाळ शहराबरोबर पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, दिग्रस अशा तालुक्याच्या गावांत डीटीपीचा व्यवसाय रुजला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले, निवडणुकीची पत्रके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि साप्ताहिके हे त्याचे ठरलेले काम. लेझर प्रिंटरवर बटर पेपरची प्रत काढायची, तिच्यावरून ऑफसेटची प्लेट बनवायची आणि मग छापायचे, असा क्रम असे.

या कामाला हंगाम असतो. लग्नसराई आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका यांच्या तारखा लॉक बिघडले म्हणून पुढे जात नाहीत. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे आणि पुणे सुमारे सहाशे किलोमीटर आहे. उमरखेड-महागावचा भाग नागपूरला आणखी दूर पडतो. लॉक निकामी झाल्यास ते विक्रेत्यामार्फत कुरियरने पाठवायचे आणि बदलून येईपर्यंत थांबायचे, याला पर्याय नव्हता. पुण्यातील मुद्रकाला दुकानात जाऊन अर्ध्या दिवसात सुटणारी अडचण येथे आठवड्यावर जाई. परवान्याची किंमत दोघांना सारखीच होती, त्याची उपयुक्तता मात्र सारखी नव्हती. लॉक हरवले तर बहुधा नवी प्रतच घ्यावी लागे, कारण निर्मात्याच्या दृष्टीने लॉक म्हणजेच परवाना. बोटाएवढ्या आकाराची ही वस्तू म्हणूनच गल्ल्यात कुलपाखाली ठेवली जाई.

विजेची स्थिती हा दुसरा घटक. २००० च्या दशकात विदर्भाच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन असे. सर्व संगणकांना पुरेल एवढा इन्व्हर्टर परवडत नसल्यास एखाद-दुसरा संगणक चालू ठेवायचा असतो. नेटवर्क लॉक असलेल्या ठिकाणी तो संगणक निवडण्याची मोकळीक राहत नाही. लॉक ज्याला लावले आहे तो चालू ठेवावाच लागतो, मग त्यावर कुणी काम करीत असो वा नसो. वीज अचानक गेल्यावर सर्व्हरला परवाने परत मिळालेले नसतात आणि तो ते ‘वापरात’ धरून बसतो, हाही तरंगत्या परवान्यातील परिचित दोष. वीज आल्यावर सर्व संगणक रिकामे असूनही परवाने संपल्याचा संदेश येतो आणि व्यवस्थापक-आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करावी लागते.

हिशेबाचे सॉफ्टवेअर

जिल्ह्यातील कृषी केंद्रे, जिनिंग कारखाने, अडतदार आणि करसल्लागार यांच्याकडे टॅली ही आज्ञावली रूढ आहे. बंगळूरच्या या कंपनीने २००९ मध्ये टॅली.ईआरपी ९ आणली. तिच्या परवान्याचे सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन मुख्य प्रकार केले : पहिला एका वापरकर्त्यासाठी, दुसरा एका स्थानिक नेटवर्कवरील अनेकांसाठी. परवाना इंटरनेटवरून सक्रिय होतो आणि गोल्ड प्रकारात नेटवर्कवरील इतर संगणक परवाना-सर्व्हरला विचारून चालतात. सर्व्हर न सापडल्यास आज्ञावली पूर्णतः बंद न होता शैक्षणिक पद्धतीत उघडता येते. तीत महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी करता येतात. टॅली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे बंधन चांगले माहीत असते, कारण सरावाच्या साऱ्या खरेदी-विक्री त्यांना याच तीन तारखांना घडवून आणाव्या लागतात.

संरक्षणाची ही तऱ्हा तुलनेने सौम्य म्हणावी लागेल. जुना हिशेब पाहता येतो, विदा वापरकर्त्याच्याच संगणकात राहते आणि शिकणाऱ्याला विनाशुल्क सराव करता येतो. तरीही संगणक अचानक निकामी झाल्यास त्यावरील परवाना रीतसर मोकळा करण्याची संधी मिळत नाही आणि नव्या संगणकावर तो उभा करण्यासाठी इंटरनेट लागते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून विवरणपत्रांच्या मुदती दरमहा येतात, त्यामुळे अशा एका दिवसाच्या खोळंब्यालाही दंडाच्या भीतीची जोड मिळाली.

शिक्षणसंस्थांतील प्रयोगशाळा

यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत आरेखन आणि गणनाच्या महागड्या आज्ञावल्या साधारणतः तरंगत्या परवान्यावर घेतल्या जातात. परवाने वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा कमी असले, की शेवटी बसलेल्यांना आज्ञावली उघडतच नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी ही उणीव विशेष जाणवते. शिवाय विद्यार्थ्याला तीच आज्ञावली घरी वापरता येत नाही, कारण परवाना महाविद्यालयाच्या नेटवर्कबाहेर पोहोचत नाही.

विंडोजच्या सामूहिक सक्रियकरणातही आकाराचा प्रश्न आहे. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून सक्रियकरण करण्याच्या केएमएस पद्धतीत किमान २५ संगणकांनी सर्व्हरशी संपर्क साधल्याशिवाय विंडोजच्या वापरकर्ता-आवृत्त्या सक्रिय होत नाहीत. एकदा झालेले सक्रियकरण १८० दिवस टिकते आणि त्याआधी नेटवर्कशी पुन्हा संपर्क लागतो. पंधरा-वीस संगणकांची प्रयोगशाळा असलेल्या ग्रामीण महाविद्यालयाला ही पद्धत वापरताच येत नाही. त्याला प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे सक्रिय करण्याचा मार्ग धरावा लागतो. व्यवस्था मोठ्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून आखली गेल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

या अडचणींवरचा एक मार्ग मुक्त स्रोत आज्ञावल्यांचा. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने सायलॅब, ओपनमॉडेलिका, ईसिम अशा साधनांचा अध्यापनात प्रसार केला आणि स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिचित्र-पाठ उपलब्ध करून दिले. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. मात्र अभ्यासक्रमात आणि नोकरीच्या जाहिरातींत एखाद्या विशिष्ट व्यापारी आज्ञावलीचे नाव असते तोवर महाविद्यालये तिच्यापासून दूर जात नाहीत.

कायदेशीर बाजू

भारतात संगणक आज्ञावलीला प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ खाली साहित्यकृतीचे संरक्षण मिळते. १९८४ च्या दुरुस्तीने तिचा त्यात समावेश झाला. कलम ६३-ब नुसार आज्ञावलीची उल्लंघनकारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायात नसल्यास न्यायालय कारावास न देता ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. व्यवसाय म्हणून चालणारे डीटीपी केंद्र अर्थातच या सवलतीत बसत नाही.

ग्राहकाचे हक्क कलम ५२ मध्ये आहेत. आज्ञावलीची प्रत वैधपणे बाळगणाऱ्यास, ती हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. दुसऱ्या आज्ञावलीशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल तर ती मिळवण्यासही कायदा मोकळीक देतो. फाइलची राखीव प्रत करता येते, लॉकची करता येत नाही. त्यामुळे लॉकने संरक्षित आज्ञावलीच्या बाबतीत हा हक्क बराचसा कागदावर राहतो.

२०१२ च्या दुरुस्तीने, जी २१ जून २०१२ पासून अमलात आली, कलम ६५-अ समाविष्ट केले. अधिनियमाने दिलेल्या हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा त्यात आहे. ‘उल्लंघनाच्या हेतूने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती या कलमाच्या बाहेर ठेवली आहे. भारत २०१८ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या प्रतिमुद्राधिकार करारात सामील झाला. त्या करारातही तांत्रिक संरक्षणाला कायद्याचे पाठबळ देण्याची अट आहे.

अमेरिकेचा १९९८ चा कायदा अधिक कठोर असला तरी त्यात वेळोवेळी सूट देण्याची सोय आहे. बिघाडामुळे वापर अडवणाऱ्या आणि कालबाह्य झालेल्या डोंगलने संरक्षित आज्ञावल्यांना अशी सूट २००३ मध्ये देण्यात आली आणि २००६ व २०१० मध्येही ती कायम होती. भारतीय कायद्यात बिघडलेल्या लॉकचा असा नावानिशी विचार नाही.

विकत घेतलेल्या आज्ञावलीत ग्राहकाच्या हाती नेमके काय येते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे करांच्या निमित्ताने आला. बाजारात तयार मिळणारी आज्ञावली हा विक्रीकरासाठी ‘माल’ आहे, असे २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात ठरले. मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटरच्या प्रकरणात न्यायालयाने अशा परदेशी आज्ञावलीसाठी दिलेली रक्कम प्रतिमुद्राधिकाराच्या वापराबद्दलचे स्वामित्वशुल्क ठरत नाही, असा निर्णय दिला.

युनिकोड आणि नंतरचा काळ

मराठी लेखनावरील कुलूप न्यायालयाने किंवा सुधारित लॉकने उघडले नाही. ते युनिकोडमुळे गळून पडले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे; तिची मांडणी भारतीय प्रमाणसंस्थेच्या इस्की संकेतावर आधारलेली होती. विंडोज २००० पासून संगणकातच मराठी टंकलेखनाची सोय आली. २००५ पासून केंद्र शासनाने सी-डॅकमार्फत भारतीय भाषांतील मोफत साधनांच्या सीडी वाटल्या. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्ता व बालू यांसारखे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळू लागले.

मुद्रणालयांत हा बदल उशिरा पोहोचला. लहान केंद्रांचे मुख्य साधन असलेल्या पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आले नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट जुळणी २०१२ च्या आवृत्तीपासून होऊ लागली. जुन्या कळफलकाची सवय, जुन्या फॉन्टचे परिचित वळण आणि आधीच्या हजारो फाइली यांमुळे अनेक केंद्रांनी लॉकची आज्ञावली सोडली नाही.

जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु रूपांतर बिनचूक होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार व्यंजनानंतर येते. रफार जुन्या मजकुरात अक्षरानंतर, तर नव्या पद्धतीत त्याच्या आधी येतो. जोडाक्षरांत हे क्रम चुकतात आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी खास मराठी रूपे हमखास बिघडतात. स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक, दिवाळी अंक, गावांचे इतिहास आणि स्मरणिका यांचा संगणकीय मजकूर अशा फाइलींत आहे. तो वाचण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी जुने विंडोज, समांतर पोर्ट असलेला संगणक आणि चालू स्थितीतील लॉक या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असाव्या लागतात. त्यामुळे काही केंद्रांत असा एक संगणक केवळ या कामासाठी, इंटरनेटला न जोडता, राखून ठेवलेला असतो.